भंडारा, ब्लोअर आणि न्हावरे रस्त्याची सुषमा

शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलं, की थोडं पुढं डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड दिसतं. वर पाटी आहे, 'मल्हार वॉशिंग सेंटर'. आत पायात गमबूट, पदर कमरेला खोचलेला, साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेला आणि हातात पाण्याची गन घेतलेली जी बाई दिसते, ती सुषमा. नवखं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मालक कुठं हायत?" सुषमा गन बंद करते, त्याला एकदा नीट न्याहाळते आणि म्हणते, "मालक ड्युटीवर गेल्यात. मालकीण हाय. चालंल का?" मग गिऱ्हाईक ओशाळतं आणि मुकाट्यानं चावी देतं.

गाडी धुणं म्हणजे पाणी मारलं, फेस केला, परत पाणी मारलं, झालं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा धुतलेली गाडी घेऊन चौफुल्यापर्यंत जाऊन यावं. पुसून चकचकीत केलेल्या गाडीतसुद्धा पाणी लपून बसलेलं असतं. आरशाच्या मागं, नंबरप्लेटच्या आड, दाराच्या रबरात, टपाच्या पट्टीत. गाडी पळायला लागली की ते हळूच बाहेर येतं, धूळ त्याला चिकटते आणि घरी पोचेपर्यंत गाडीला मिशा फुटतात. बाकीचे सेंटरवाले खांदे उडवतात. पाणी आहे, ते येणारच, म्हणतात. सुषमाला हे कधी पटलं नाही. माणसानं पैसे मोजून गाडी धुवायची आणि घरी बायकोनं विचारायचं, "धुऊन आणली म्हणता, मग हे काय?" याची तिला मनापासून लाज वाटायची.

ही बाई या धंद्यात आली तीही आडवाटेनं. नवरा हनुमंत रांजणगावच्या कंपनीची बस चालवतो. सुषमा त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. दिवसभर तव्यासमोर उभं राहून तिच्या पायांची आणि सुपरवायझरची बोलणी ऐकून डोक्याची दोन्हीची आग व्हायची. सुट्टीच्या दिवशी ती दारातल्या बोअरवर नवऱ्याची बस धुवायची, आणि त्यात तिला सगळा शीण उतरल्यासारखं वाटायचं. तिची बस इतकी उजळ निघायची की बाकीचे ड्रायव्हर विचारायला लागले, "वहिनी, आमची बी टाकू का?" त्यातून हे शेड उभं राहिलं. भावकीनं नाकं मुरडली. धनगराची सून रस्त्यावर लोकांच्या गाड्या धुणार, म्हणाले. सासू वच्छलाबाई मात्र काही बोलली नाही. तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं कोकणापर्यंत चालण्यात गेलेलं. उघड्यावर काम करणाऱ्या बाईला नावं ठेवायची तिला सोय नव्हती आणि इच्छाही नव्हती.

आता या रस्त्याचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. नगरकडची माणसं जेजुरीला जातात ती याच रस्त्यानं, आणि येतानाही याच रस्त्यानं येतात. येताना गाडी पिवळीधमक असते. टपावर, काचेवर, फटीफटीत खंडोबाचा भंडारा. बेलभंडार उधळल्याशिवाय जेजुरीहून परतायचं कसं? पण भंडारा म्हणजे हळद, आणि हळदीला साबण लागला की ती लाल होते. शॅम्पूच्या फेसानं धुतलेली गाडी वरून स्वच्छ दिसते, आणि तासाभरानं फटीतलं पाणी लालभडक ओघळ घेऊन खाली येतं.

याच ओघळानं सुषमाचा घात केला. राहू गावचे सर्जेराव म्हणजे बागायतदार माणूस. ऊस, गुऱ्हाळ, आणि शिवाय लग्नाला भाड्यानं देण्यासाठी पांढऱ्याशुभ्र गाड्या. त्या सगळ्या गाड्या सुषमाकडंच यायच्या. सेंटर चालत होतं ते खरं तर त्यांच्याच जिवावर. गेल्या सीझनला त्यांची एक गाडी जेजुरीहून आली, सुषमानं धुतली आणि तशीच पुढं नवरीला आणायला गेली. मांडवाच्या दारात नवरी उतरली, तेव्हा दाराच्या रबरातून आलेला लाल ओघळ तिच्या मोतिया रंगाच्या शालूला लागलेला होता. बायकांत कुजबुज झाली, अपशकुन म्हणून कुणी डोळ्याला पदर लावला, आणि सर्जेरावांना भर मांडवात हात जोडावे लागले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गाड्या शेडसमोरून न थांबता शिरूरला धुवायला जायला लागल्या. ते भांडले असते तर सुषमाला बरं वाटलं असतं.

महिनाभर शेड निम्मं रिकामं राहिलं. हनुमंतानं एकदा जेवताना भीत भीत विषय काढला, कँटीनमध्ये परत जागा निघाली आहे. सुषमानं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "सर्जेआबांच्या गाड्या परत आणते. न्हाई आल्या तर मी सोता पाटी उतरवते आन् लाटणं हातात घेते." हनुमंत ओळखून होता. ही बाई बोलली म्हणजे बोलली.

तिनं विचार केला तो असा, की फडकं फटीत जात नाही, तिथं फक्त वारं जातं. वारं तर शेडमध्ये होतंच, चाकात हवा भरायचा कंप्रेसर. पण त्याची हवा सुतासारखी बारीक आणि मधेच तेलाचे शिंतोडे टाकणारी. गाडी सुकवायची सोडून तो तिला फोडणीच द्यायचा. म्हणून ब्लोअर घ्यायचं ठरलं. वच्छलाबाईला हे कळलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. "वारं इकत घेत्यात व्हय गं? आपल्या माळावर फुकाट हाय की."

"माळावरचं वारं आरशाच्या मागं जात न्हाई, आत्या."

लोक मशिन घ्यायला जातात तेव्हा पाकिटावरचे आकडे वाचतात, नाहीतर दुकानदाराचं तोंड बघतात. सुषमानं भंगारवाल्याकडून गाडीचा एक मोडका आरसा आणला, कवचासकट. तो पिशवीत टाकला, जोडीला पाण्याची बाटली, भंडाऱ्याची पुडी आणि एक पांढरं फडकं घेतलं आणि निघाली दुकानं हिंडायला. प्रत्येक दुकानात आधी आरशाच्या फटीत भंडारा भरायचा, वरून पाणी ओतायचं, मग म्हणायचं, "दाखवा आता तुमचं वारं." मारून झालं की आरसा फडक्यावर आपटायचा. पिवळा थेंब पडला की, "ऱ्हाऊ द्या."

शिरूरच्या दुकानात हातात मावणारा एक छोटा ब्लोअर मिळाला. कॉम्प्युटरमधली धूळ उडवायला तो ठीक, आरशापुढं मात्र दमला. दुसरा बॅटरीवरचा, दिसायला देखणा. तो आरसा सुकवायच्या आतच झोपला. दुकानदार म्हणाला, चार्जिंगला लावा परत. सुषमा म्हणाली, "आन् तवर गाडीला काय, पंख्यानं वारा घालू?"

मग ती दौंडला गेली. स्टेशनजवळच्या गल्लीत गोकुळशेठचं यंत्रसामानाचं दुकान आहे. शेठनं मोठ्या दिमाखात दोन मोटरींचं धूड पुढं ओढलं. गरम हवा, निळे दिवे, चाकं. सोबत आलेला हनुमंत तर बघताक्षणी त्याच्या प्रेमातच पडला. शेठनं बटन दाबलं, आणि आरशातली काच कवचातून सुटून थेट गल्ल्याशेजारच्या गणपतीच्या पायाशी जाऊन पडली. मग हनुमंत हळूच म्हणाला, "ताकद हाय पण."

"गिऱ्हाईकाचा आरसा उडाला म्हंजी तुमी भरणार का?" सुषमा म्हणाली. पण तिचा खरा आक्षेप वेगळा होता आणि तो तिनं शेठला नीट उलगडून सांगितला. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. गरम हवेनं थेंब जागेवर सुकला तर पांढरा डाग धरतो, आणि तो डाग मग बापजन्मी निघत नाही. "मला थेंब वाळवायचा न्हाई शेठ. हाकलायचाय." शेठनं हे ऐकलं आणि काच परत बसवून देता देता आतून तिसरंच मशिन काढलं. एक मोटर, लांब लवचिक नळी, पुढं मऊ रबराचं तोंड, हवा कोमट, आणि मागं धूळ गाळायची जाळी, काढून धुता येणारी. सुषमानं भंडारा भरला, पाणी ओतलं, वारं मारलं, आरसा फडक्यावर आपटला. परत आपटला. फडकं पांढरंच राहिलं. हनुमंतानं निळ्या दिव्यांकडं एकदा शेवटचं बघून घेतलं.

मशिन आणलं त्या आठवड्यात तिनं सर्जेरावांना फोन केला. "आबा, एक गाडी द्या. एकच. ओघळ आला तर परत तोंड दाखवणार न्हाई." त्यांच्या मुलाचं, पृथ्वीराजचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि नवरा-नवरीला जेजुरीला न्यायचं होतं ते नव्या कोऱ्या पांढऱ्या गाडीतून. "उद्या सकाळी आणतो," एवढंच ते म्हणाले.

सकाळी ते आले, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, पायात करकरणाऱ्या कोल्हापुरी. शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. सुषमानं गाडी अशी धुतली जशी लेकीला न्हाऊ घालावी. आता ब्लोअर. पण नवं मशिन पूजेशिवाय कसं सुरू करायचं? वच्छलाबाई ताट घेऊन तयारच होती. तिनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि पुड्यातला भंडारा मूठभर घेतला. आधी मशिनच्या पाठीला लावला. मग मागं तिला एक गोल, रिकामं तोंड दिसलं. देवाचा भंडारा कपाळाला लावतात तसा जिभेवरही ठेवतात. वच्छलाबाईनं उरलेली सगळी मूठ त्या तोंडात टाकली आणि डोळे मिटून म्हणाली, "येळकोट येळकोट जय मल्हार!"

त्या तोंडावर खरं तर जाळी असायला हवी होती. पण सुषमा ती सुषमाच. मशिन दुकानातून कोरं आलेलं, तरी तिनं सकाळी उठून जाळी धुतली होती आणि दोरीवर वाळत घातली होती. पूजेच्या गडबडीत ती दोरीवरच राहिली. सुषमानं नळी गाडीकडं धरली आणि बटन दाबलं.

पिवळा लोट उठला. ओल्या, लखलखीत, पांढऱ्या गाडीवर बॉनेटपासून डिकीपर्यंत भंडाऱ्याचा थर बसला. शेजारी उभी असलेली हनुमंताची मोटरसायकल पिवळी झाली, सर्जेरावांची टोपी पिवळी झाली, मिशासुद्धा पिवळ्या झाल्या. हनुमंतानं धावत जाऊन मेन स्विच पाडला. वच्छलाबाईच्या हातातलं ताट खाली आलं आणि ती म्हणाली, "माझ्यामुळं झालं गं पोरी. मीच घातला त्याच्या तोंडात."

सुषमाच्या डोळ्यांपुढं लाटणं आलं असेल. पाटी उतरवताना दिसली असेल. या क्षणी तिनं जे केलं त्याला तोड नाही. तिनं सासूचा हात धरून तिला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं आणि सर्जेरावांपुढं उभी राहिली. "आबा, चूक माझी हाय. आत्यांनी पूजा केली, ती बरोबरच केली. जाळी मी इसरले."

सर्जेरावांनी मिशीवरचा भंडारा बोटानं टिपला आणि सवयीनं कपाळाला लावला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे तशीच. जेजुरीलाच चाललीय गाडी. देवाचंच हाय."

कुणीही दुसरं असतं तर सुटलो म्हणून हात झटकले असते. सुषमा म्हणाली, "देवाचं देव बघंल आबा. माझ्या शेडातनं गाडी अशी जायची न्हाई." आणि ती परत कामाला लागली. साबणाला हात लावला नाही, नुसतं पाणी. जाळी बसवून फटीफटीतून वारं मारलं, तर पिवळं पाणी निघतच राहिलं. परत पाणी, परत वारं. किती वेळ गेला ते तिला कळलंही नाही. शेवटी फडकं पांढरं निघालं. मग दमून तिनं सहज नळी मोटरसायकलकडं वळवली, आणि बघत राहिली. कोरड्या मोटरसायकलवरचा भंडारा एका फुंकरीत उडून गेला. फटीत नाही, साखळीत नाही, कुठं कण राहिला नाही.

ती नळी हातात धरून तशीच उभी होती. आजवर तिनं, आणि रस्त्यावरच्या सगळ्या सेंटरवाल्यांनी, पिवळ्या गाडीवर पहिल्यांदा पाणीच मारलं होतं. कोरडं जे सहज निघून जाणार, त्याचा आपणच चिखल करून फटीत कोंबत होतो. ब्लोअर धुतल्यावर लागतो, पण त्याच्याआधी, पाण्याचा थेंब पडायच्या आत, तो एकदा लागतो. कुणी सांगितलं नव्हतं. चुकलेल्या कामातून तिनं ते स्वतः वेचून घेतलं.

सर्जेराव गाडीत बसत होते तेव्हा ती काचेशी गेली. "आबा, उद्या देवदर्शन करून येताना गाडी वाटेत कुठं धुऊ नका. पुसू बी नका. तशीच पिवळी हिकडं आणा." राहू तर वाटेतच लागतं. आपलं घर मागं टाकून कोण इथवर येणार? सर्जेरावांनी काच वर केली आणि गाडी रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी सुषमा रस्त्याकडं बघत होती. पिवळी गाडी दिसली की उठायची, आणि ती पुढं निघून गेली की बसायची. हनुमंतानं कंपनीतल्या जागेचा विषय त्या दिवशी काढला नाही, यावरूनच त्यालाही काय वाटत होतं ते समजावं. उन्हं कलायला लागली आणि एक गाडी वेग कमी करत शेडकडं वळली. पांढरा रंग शोधावा लागेल इतकी पिवळी. पुढं सर्जेराव, मागं पृथ्वीराज आणि मुंडावळ्यांचा दोरा अजून कपाळाला असलेली नवी सून नीलम.

सुषमानं जाळी बसवली आहे ना हे बोटानं चाचपून बघितलं आणि बटन दाबलं. टपावरचा भंडारा भुरुभुरु उडाला आणि खाली गटाराच्या तोंडाशी पडायला लागला.

"थांब!" वच्छलाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की सुषमानं मशिन बंदच केलं. "देवाचा भंडारा गटारात? लोकांच्या पायाखाली?"

सुषमानं गटाराकडं बघितलं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजवर फेसाबरोबर किती भंडारा त्या गटारात गेला, ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. वच्छलाबाई लगबगीनं घरात गेली. आली ती ट्रंकेतली धुवट नऊवारी लुगडी घेऊन. गाडीच्या दोन्ही अंगांना तिनं ती पसरली, वर दगड ठेवले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हां. मार आता वारं."

सुषमानं वारं हळू केलं आणि वरून खाली, एकेक फट धरून, भंडारा लुगड्यांवर उतरवत आणला. आरशामागचा, दाराच्या रबरातला, टपाच्या पट्टीतला. रस्त्यानं जाणारी जेजुरीची दुसरी एक जीप थांबली, त्यातली माणसं उतरून बघायला लागली. नीलमनं डोक्यावर पदर घेतला. लुगड्यांवर पिवळे ढीग जमले आणि गाडी, अजून पाण्याचा थेंब न लागलेली, पांढरी दिसायला लागली.

सर्जेराव खुर्चीतून उठले. लुगड्याच्या काठाशी आले, खाली बघितलं, आणि पायातल्या करकरणाऱ्या कोल्हापुरी काढून बाजूला ठेवल्या. अनवाणी पुढं होऊन त्यांनी लुगड्याचं एक टोक उचललं. दुसरं टोक वच्छलाबाईकडं होतं. दोघांनी मिळून भंडारा मध्ये गोळा केला. वच्छलाबाईनं त्यातली चिमूट घेऊन आधी त्यांच्या कपाळाला लावली, मग पृथ्वीराजच्या, मग नीलमच्या, मग जीपमधल्या माणसांच्या. सगळ्यात शेवटी सुषमाकडं वळली.

"थांबा आत्या, आधी पाणी मारून घेते."

"पाणी मागनं. कपाळ आन हिकडं."

सुषमा वाकली. सासूचं बोट कपाळावर टेकलं तेव्हा महिनाभर आवरलेलं रडू तिला आवरलं नाही, आणि तिनं ते आवरायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

सर्जेरावांनी खिशातून फोन काढला आणि आपल्या ड्रायव्हरला लावला. "संपत, समद्या गाड्या न्हावरे रस्त्याला घिऊन ये. व्हय, सुषमाताईकडं. आत्ताच. आन् बूट घालून येऊ नको, चपला घाल. हितं काढाव्या लागत्यात."

मग ते अनवाणीच खुर्चीवर जाऊन बसले, आणि सुषमानं डोळे पुसून पाण्याची गन हातात घेतली.